तेरेंगानूतील माकूल-मासेमारीची सहल आणि माझे 2,420 रिंगिट

मलेशियात राहणारी किंवा सुट्टीत इकडे येणारी जी मराठी कुटुंबे रात्री होडीतून दिवे लावून माकूल (स्क्विड) पकडण्याच्या सहलीची चौकशी करत आहेत, त्यांनी कोणालाही एक रिंगिटही पाठवण्यापूर्वी हे वाचावे. मे 2025 मध्ये अशा सहलीच्या नावाखाली माझे 2,420 रिंगिट, म्हणजे सुमारे 48,000 रुपये, गेले. पेट्रोल, टोल आणि ऐनवेळी घ्याव्या लागलेल्या हॉटेलचे 520 रिंगिट यात धरलेले नाहीत. समाजमाध्यमावरचे बनावट पान, चोरलेली छायाचित्रे, आगाऊ रक्कम आणि मग बंद होणारा फोन, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याचे वर्णन करत बसत नाही. मला राग आहे तो निराळ्याच गोष्टीचा. हा माणूस खोटा आहे हे सांगणारी खूण आकाशात होती, ती माझ्या वडिलांनी मला दाखवली होती, आणि तरीही पैसे गेले.

माझे बालपण हर्णैला गेले. तिथे माकूल बाजारात पाहिले आणि घरी कालवणात खाल्ले, पण दिव्यावर पकडण्याचा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही. एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली आणि ती योग्यच होती, कारण जनित्रावर प्रखर दिवे पेटवून मोठ्या जाळ्यांनी सगळे खरवडून नेणाऱ्या नौकांमुळे छोट्या मच्छीमारांच्या हाती काही उरत नव्हते. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तेरेंगानू राज्याची गोष्ट वेगळी आहे. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरला आणि समुद्र शांत झाला की साधारण एप्रिलपासून जुलैपर्यंत मारांग, दुंगुन, क्वाला तेरेंगानू या भागांतले मच्छीमार हौशी लोकांना होडीतून नेतात. या प्रकाराला तिथे ‘चांदात सोतोंग’ म्हणतात. चांदात हा शिशाच्या वजनाचा छोटा गळ असतो, त्याच्या टोकाला वर वळलेल्या काट्यांचे कडे असते आणि तो नुसत्या हातातल्या दोरीने खालीवर हलवायचा असतो. होडीवरच्या दिव्याखाली बारीक जीव आणि मासळी जमते, तिच्या मागे माकूल येते आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर घुटमळते. एका वेळी एकच माकूल वर येते, त्यामुळे यात समुद्राची लूट नाही. वडील प्रथमच इकडे आले होते आणि त्यांना हे दाखवायची माझी फार इच्छा होती. ही इच्छा चुकीची होती असे मला आजही वाटत नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्या पानावर चौकशी केली. नाव मुद्दाम देत नाही, कारण ते सारखे बदलते आणि तुम्ही जुनेच नाव शोधत राहाल. आम्ही मुलांसह दहा जण होतो. संपूर्ण होडीचे 1,800 रिंगिट ठरले आणि निम्मे, म्हणजे 900, लगेच भरायचे होते. पाठोपाठ विम्याचे माणशी 24 प्रमाणे 240 रिंगिट मागितले गेले. त्यानंतर किनाऱ्याजवळच्या घरात दोन रात्री राहण्याचे 380 झाले, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी उरलेले 900 गेले. दर अवाजवी स्वस्त नव्हता. ‘इतके स्वस्त म्हटल्यावर संशय यायला हवा होता’ असे मला ऐकवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की हा माणूस बाजारभावानेच विकत होता.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपवर समोरच्याचे नाव दिसते. पहिल्या वेळी तिथे एका स्त्रीचे नाव आले. विचारल्यावर, ती आमचे हिशेब पाहते, असे उत्तर मिळाले. हे उत्तर मी मान्य केले, आणि तसे करण्याला कारण होते. या किनाऱ्यावरचे खरे तांडेलही, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, कंपनी काढून बसलेले नसतात, पत्नीच्या किंवा मुलाच्या खात्यावर आगाऊ रक्कम घेतात आणि पावती म्हणून फोनवर एक संदेश पाठवतात. खऱ्याचा आणि खोट्याचा व्यवहार वरून अगदी सारखा दिसतो. मात्र शेवटच्या 900 रिंगिटच्या वेळी नावही वेगळे होते आणि बँकही वेगळी होती. एकाच सहलीचे पैसे दोन निरनिराळ्या माणसांच्या नावावर मागितले गेले तर तिथेच थांबा, समोरचा कितीही गोड बोलत असो.

आता ती खूण सांगतो. आम्ही 10 मेची शनिवारची रात्र ठरवली होती, कारण सोमवारी, 12 मे रोजी, वेसाकची देशभर सुट्टी होती आणि सलग तीन दिवस मिळत होते. वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. गुरुवारी संध्याकाळी वडील भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे होते. ते वळून म्हणाले, “अरे, शनिवारी त्रयोदशी आहे. टिपूर चांदण्यात तुमच्या दिव्याला कोण येणार? हा तांडेल आहे की कोण आहे?” ज्याने समुद्राकाठी आयुष्य काढले त्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. दिव्यावरची मासेमारी अंधारावर चालते. सगळे पाणी काळे असते तेव्हाच दिव्याचे वर्तुळ उठून दिसते आणि मासळी तिथे गोळा होते. चंद्र वर असला की उजेड सर्वत्र सारखा पसरतो आणि दिव्याची ओढ कमी होते. पौर्णिमेच्या आसपास खरे तांडेल हौशी गिऱ्हाइकाला सरळ सांगतात की पैसे वाया जातील, पुढच्या अंधाऱ्या आठवड्यात या.

मी त्या माणसाला हे विचारले. क्षणात उत्तर आले की आमचे हिरवे दिवे इतके प्रखर आहेत की चंद्राने काही फरक पडत नाही, शिवाय सुट्टीमुळे दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, उरलेले पैसे शुक्रवारपर्यंत आले नाहीत तर होडी त्याला देऊ. त्या उत्तराची चीड आजही जात नाही. चंद्राने फरक पडत नाही असे म्हणणारा माणूस त्या पाण्यावर एकही रात्र गेलेला नसतो. पण तोवर 1,520 रिंगिट गेले होते, मुलांनी शाळेत सर्वांना सांगून ठेवले होते, मेहुणा सिंगापूरहून निघाला होता. अशा वेळी माणूस उरलेली रक्कम भरतो ती मूर्खपणाने नव्हे, आधीची बुडू नये म्हणून भरतो, आणि फसवणाऱ्याला हे पक्के माहीत असते. म्हणूनच पहिली रक्कम निम्मी असते.

आणखी एक गोष्ट तेव्हा जाणवली नाही. आमच्यात लहान मुले आहेत का, कोणाला बोट लागते का, हे त्याने कधीच विचारले नाही. जो खरोखर दहा माणसांना रात्रभर समुद्रात नेणार आहे तो हे प्रश्न आधी विचारतो. आम्हाला त्याने रात्री 9 ची वेळ दिली होती. होड्या मात्र संध्याकाळी, उजेड असताना सुटतात, कारण जागेवर पोहोचून अंधार पडण्याआधी नांगर टाकायचा असतो.

शनिवारी दुपारी आम्ही त्या छोट्या बंदरात पोहोचलो. दिलेल्या पत्त्यावर राहण्याचे घर नव्हते, तिथे टायरचे दुकान होते. धक्क्यावर एका वयस्क तांडेलाला मी फोनमधले छायाचित्र दाखवले. ती होडी त्याचीच होती. छायाचित्रही त्याच्याच पानावरून उचललेले होते आणि त्यावरचा त्याचा फोन क्रमांक तेवढा पुसून टाकलेला होता. त्याने शांतपणे सांगितले की या आठवड्यात कोणीच हौशी लोकांना घेऊन जात नाही, चंद्र मोठा आहे. माझे वडील शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्याच सुमारास त्या भामट्याचा संदेश आला की इंजिन बिघडले आहे, सर्व पैसे परत मिळतील, त्यासाठी आधी 300 रिंगिट प्रक्रिया शुल्क भरा. परताव्यासाठी शुल्क मागणारा माणूस तुम्हाला दुसऱ्यांदा लुटत असतो. मी ते भरले नाही आणि त्यानंतर तो क्रमांक बंद झाला.

यापुढचा भाग लिहिताना संताप आवरणे कठीण जाते. शुक्रवारी रात्री 8 च्या सुमारास पाठवलेले 900 रिंगिट शनिवारी संध्याकाळी 6 वाजता अजून चोवीस तासांच्या आत होते. मी बँकेच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने सांगितले की व्यवहार मी स्वतः मंजूर केला असल्यामुळे तो फसवणुकीच्या व्याख्येत बसत नाही आणि लेखी अर्ज मंगळवारी शाखेत द्यावा. 997 हा क्रमांक 2022 पासून नेमका याच कामासाठी आहे, गेलेले पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी अडवण्यासाठी आहे, एवढे एक वाक्य तिने उच्चारले असते तर कदाचित शेवटची रक्कम वाचली असती. ते तिने सांगितले नाही. मला ते तांडेलाच्या मुलाकडून रविवारी कळले, तोवर ते खाते रिकामे झाले होते. हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा, गरज पडेल तेव्हा तो शोधायला वेळ नसतो.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की पैसे क्वालालंपूरहून पाठवले, तर तक्रारही तिथेच करा. हे खरे नाही. मलेशियात कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, आणि तिची प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मी हललो नाही. मुले बाकावर झोपली, पत्नी बाहेर गाडीत सासऱ्यांना धीर देत बसली, आणि मध्यरात्र उलटल्यावर ती प्रत हाती आली. रविवारी तेरेंगानूत कचेऱ्या उघड्या होत्या, कारण तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, पण क्वालालंपूरमधली बँकेची शाखा रविवारी बंद होती आणि सोमवारी वेसाकमुळे सर्वत्र सुट्टी होती. चोराला सुट्टी नसते, मग चोरी अडवणाऱ्यांना ती का असावी, या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही टेबलावर मिळाले नाही. क्वालालंपूरच्या ठाण्यात कळले की तपास अधिकारी तेरेंगानूत आहे. तेरेंगानूतून कळले की कागद क्वालालंपूरला पाठवले आहेत. सहलींच्या परवान्यांशी संबंधित एका कचेरीत मला असे ऐकवले गेले की त्या माणसाकडे परवानाच नसल्यामुळे तो आमच्या नोंदीत नाही, आणि नोंदीत नसलेल्यावर आम्ही कारवाई करू शकत नाही. म्हणजे ज्याने परवाना काढून कर भरला तो तुमच्या धाकात राहतो, आणि ज्याने काहीच काढले नाही तो मोकळा सुटतो. हे मी त्या अधिकाऱ्याच्या तोंडावर म्हटले आणि त्याबद्दल मला अजिबात खेद नाही.

ग्राहकांच्या दाव्यांसाठी इथे न्यायाधिकरण आहे, 50,000 रिंगिटपर्यंतचा दावा अवघ्या 5 रिंगिटमध्ये दाखल करता येतो, पण त्यासाठी प्रतिवादीचे खरे नाव आणि पत्ता लागतो. तोच तर माझ्याकडे नव्हता. ज्या दोन खात्यांवर पैसे गेले त्यांपैकी एकाच्या मालकाला पोलिसांनी बोलावले. त्या तरुणाने आपले कार्ड एका ओळखीच्याला वापरायला दिले होते असे सांगितले आणि तो घरी गेला. अशा प्रकारे दुसऱ्याला खाते वापरू देणे हा 2024 पासून इथे स्वतंत्र गुन्हा आहे. मग तो घरी कसा गेला, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. फसवणुकीचे कलम इथल्या दंडसंहितेत अजूनही 420 च आहे. भारतात जुलै 2024 पासून ते 318 झाले. कलमाचा आकडा कोणताही असो, ते लावण्याची इच्छा हवी.

पोलिसांच्या ‘सेमाक म्यूल’ या संकेतस्थळावर खाते क्रमांक किंवा फोन क्रमांक टाकला की त्याविरुद्ध आधीच्या तक्रारी आहेत का ते दिसते. ते जरूर पाहा. मात्र काही निघाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, नव्याने भाड्याने घेतलेले खाते तिथे स्वच्छच दिसते. होडीचे छायाचित्र पाठव म्हणण्याऐवजी धक्क्यावरून आत्ता, याच मिनिटाला व्हिडिओ कॉल कर म्हणा. शेवटची रक्कम होडीत पाय ठेवल्यावरच द्या, खऱ्या तांडेलांपैकी अनेकांना हे मान्य असते. आणि पैशांचा विषय निघण्यापूर्वी मुद्दाम पौर्णिमेच्या जवळची तारीख विचारा. जो लगेच ‘हो’ म्हणेल त्याच्याशी पुढे एक शब्दही बोलू नका.

तक्रारीला चार आठवडे उलटल्यावर मी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 107अ कलमाखाली तपासाची स्थिती लेखी मागितली. अशा अर्जाला दोन आठवड्यांत उत्तर देणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि हे कलम अर्जात लिहिले की कागद निदान हलतो. उत्तर दोन ओळींचे आले, पुढील कारवाई प्रस्तावित नाही. मी वरिष्ठांकडे पुन्हा अर्ज केला आहे. दरम्यान त्याच वयस्क तांडेलाच्या होडीची तीच छायाचित्रे घेऊन नव्या नावाचे पान सुरू झाले आहे. निळ्या पत्र्याचे छप्पर, डाव्या बाजूला तीन दिवे आणि पुसलेल्या क्रमांकाच्या जागी पांढरट डाग, एवढ्यावरून ते ओळखता येईल. माणशी 180 रिंगिट, निम्मे आगाऊ.