एलएसईचे ग्रंथालय : राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी
लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांत पदवीचे शिक्षण घेणाऱ्याचा बराचसा वेळ व्याख्यानांपेक्षा वाचनात जातो, त्यामुळे १८९६ मध्ये स्थापन झालेले तेथील ग्रंथालय हीच त्याची खरी वर्गखोली ठरते. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने जुन्या गोदामाच्या इमारतीत उभारलेला वळणदार जिना देखणा आहे. शांततेसाठी मात्र त्यापासून दूरचेच टेबल गाठावे. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीवर निबंध लिहायचा असेल, तर २०१३ मध्ये येथे आलेल्या विमेन्स लायब्ररी या स्त्री-इतिहासाच्या संग्रहातील मूळ कागदपत्रांना पर्याय नाही. या संस्थेत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांमुळे मराठी विद्यार्थ्याला येथे आपुलकी वाटते, परंतु ग्रंथालय या इमारतीत १९७८ मध्ये आले, म्हणजे त्यांनी वाचन केले ती जागा ही नव्हे, हे ध्यानात असावे.