चेलोवर क्लेझमर वाजवायचंय? मग 'कोल निद्रे' जरा बाजूला ठेवा

चेलो-पियानोच्या जोडीला 'ज्यू धाटणीचं काहीतरी' हवं असलं की जर्मन संगीतकार माक्स ब्रुखचं 'कोल निद्रे' सुचवलं जातं. रचना उत्तमच, पण ते क्लेझमर नव्हे. क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या यिद्दिशभाषक ज्यूंच्या लग्नातल्या वाजंत्र्यांचं संगीत. 'कोल निद्रे' ही योम किप्पुर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या कडक उपासाच्या आदल्या संध्याकाळची, सिनेगॉगमधली म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली चाल. प्रोटेस्टंट ब्रुखला ती बर्लिनमधल्या एका सिनेगॉग-गायकाकडून मिळाली. सुरुवातीला चेलो तीन-तीन सुरांचे तुकडे करत, मध्ये श्वास घेत गातो, तो त्या गायकाचाच दाटलेला गळा. मात्र मूळ रचना चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी (१८८०). त्यातल्या हार्पचे सूर पियानोवाला उसने घेऊन वाजवत बसतो.

अर्नेस्ट ब्लोखच्या 'फ्रॉम ज्यूइश लाइफ'मध्ये (१९२४) ही अडचण नाही, ते मुळातच या दोन वाद्यांसाठी आहे. तीन छोटे तुकडे, मिळून दहाएक मिनिटं. 'प्रेयर' सगळेच वाजवतात. माझा जीव तिसऱ्या 'ज्यूइश साँग'वर. त्यात चेलोला पाव स्वर (शेजारच्या दोन पट्ट्यांच्या अधले) दिलेत, जे पियानोच्या पट्ट्यांत नाहीतच. विद्यार्थी ते 'चुकलं' म्हणून सुधारायला जातात. श्रुती ऐकत वाढलेल्या कानाने तरी तसं करू नये! पण हाही प्रार्थनेचाच सूर, नाच नाही.

नाच हवा असेल तर योआखिम स्तुचेव्स्की. जन्म १८९१, युक्रेनमधलं रोम्नी, घराणंच क्लेझमरांचं. पुढे व्हिएन्नात तंतुवाद्यांच्या चौकडीत चेलो वाजवला, १९३८ला पॅलेस्टाइन गाठलं. त्याच्या 'फ्रेलेख्स'चं नावच लग्नातल्या फेर धरायच्या नाचाचं. अशा संगीतात 'क्रेख्त्स' लागतो : सुराच्या शेपटाला तार क्षणभर चिमटून काढलेला हुंदका. तो कागद वाचून येत नाही. आधी क्लेझमरचे जुने क्लॅरिनेटवाले ऐका. क्लेझमरचा लाडका स्वरसमूह मात्र ओळखीचा निघेल. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध-नी : आपला बसंत मुखारीच.

चेलो नुकता हातात बसला असेल तर 'प्रेयर' घ्या. पियानोवाला ठोका पक्का धरणारा असेल तर बेलाशक स्तुचेव्स्की. 'कोल निद्रे' ऑर्केस्ट्रा मिळेल त्या दिवसासाठी राखा. खर्चाचंही बघा : ब्रुख १९२०मध्ये गेला, ब्लोख १९५९मध्ये, आपल्याकडे दोघांच्या मूळ रचना स्वामित्वहक्कातून मोकळ्या आहेत. स्तुचेव्स्की गेला १९८२मध्ये, त्यामुळे त्याची स्वरलिपी विकतच घ्यावी लागेल.