पत्ते, पेटी आणि क्विझ : नर्सिंग स्टाफला ईबीपी शिकवताना काही महिने वापरलेले खेळ

एका ट्रस्टच्या रुग्णालयात स्टाफ नर्सेसचं इन-सर्व्हिस ट्रेनिंग माझ्याकडे आहे. पुराव्यावर आधारित काळजी (एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस), म्हणजे आमच्या बोलण्यातलं ईबीपी, हा विषय आमच्याकडे वर्षानुवर्षं स्लाइड लावून शिकवला गेला. गेल्या पावसाळ्यापासून तो आम्ही खेळांमधून घेतोय. मोबाइलवरची क्विझ, आम्हीच छापून घेतलेले पत्ते आणि कुलपाची पेटी असे तीन प्रकार वापरून झाले. तुमच्या रुग्णालयात असं काही सुरू करायचं असेल तर हे उपयोगी पडेल.

क्विझने वर्गात जान येते, यात वाद नाही. पण जो लवकर बटण दाबेल त्याला जास्त गुण, हा तिचा नियम या विषयाच्या मुळावरच येतो. जिला उत्तर पाठ आहे ती सिस्टर जिंकते आणि जिला शंका येते ती मागे पडते. ईबीपीची सुरुवात तर शंकेतूनच होते. आम्ही वेळेची मर्यादा काढून टाकली. आता क्विझ फक्त संज्ञांच्या उजळणीसाठी वापरतो.

पत्त्यांनी मात्र मला जिंकलं. पहिल्या फेरीत वॉर्डातला एखादा प्रसंग वाचून दाखवायचा आणि गटाने त्याचा पिको प्रश्न मांडायचा : रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता मोजायचा. सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते तुलनेच्या पत्त्यावर. 'आपण नेहमी असंच करतो' हीसुद्धा तुलनेची एक बाजू आहे, हे स्लाइडवरून सांगून कधी पोचलं नव्हतं. पत्ता हातात घेऊन जागा शोधताना ते आपोआप पोचतं.

दुसऱ्या फेरीत टोकन लावायची असतात. एक प्रथा समोर ठेवायची. ती चालू ठेवावी, सोडावी की अजून सांगता येत नाही, यावर प्रत्येकीने टोकन लावायचं. मग पुराव्याचा पत्ता उघडायचा आणि टोकन हलवायचं की नाही ते ठरवायचं. आमची सर्वांत चांगली फेरी रंगली ती कॅन्युलावर, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवलेल्या बारीक नळीवर. दर तीन दिवसांनी ती बदलायचीच, की गरज पडेल तेव्हा? पहिला पत्ता उघडला तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या अभ्यासाचा. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या चाचणीत ३,२८३ रुग्ण होते आणि फ्लेबायटिसचं (शिरेला येणाऱ्या सुजेचं) प्रमाण, ठरावीक दिवसांनी बदलणं आणि गरजेनुसार बदलणं, या दोन्ही गटांत ७ टक्के निघालं. सगळी टोकनं 'सोडावी'कडे सरकली. मग दुसरा पत्ता उघडला, २०२१चा, जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाचा. तिथे ठरावीक दिवसांनी बदलणं थांबवल्यावर रक्तातला संसर्ग वाढलेला दिसला आणि जुनं धोरण परत आणल्यावर तो खाली आला.

त्यानंतरची चर्चा मी कुठल्याही व्याख्यानात ऐकलेली नाही. एका स्टाफने विचारलं, पहिल्यात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती, दुसऱ्यात फक्त आधीचं आणि नंतरचं पाहिलंय, मग दोघांना सारखं वजन कसं द्यायचं? दुसरी म्हणाली, पण फ्लेबायटिस आणि रक्तातला संसर्ग हे परिणामच वेगळे आहेत ना. आणि मेडिसिन वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी आमच्याच घरचा मुद्दा काढला : गरजेनुसार बदलायचं असेल तर प्रत्येक शिफ्टला जागा नीट पाहिली गेली पाहिजे, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे काम सोपवताना, ते सांगितलं गेलं पाहिजे, आपल्याकडे ते रोज होतं का?

रायल्स ट्यूबच्या, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीच्या, फेरीतही असंच झालं. नळी पोटातच आहे ना हे पाहायला हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकायचा, हे आपल्यातल्या बहुतेकींच्या हाताला बसलेलं आहे. नळी फुफ्फुसात गेली असली तरी तसा आवाज येऊ शकतो, म्हणून ही पद्धत भरवशाची नाही. ब्रिटनमधल्या सूचनांनुसार आधी नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता; पोटातल्या आम्लामुळे तो कमी येतो) पाहतात आणि तो ५.५ किंवा त्याहून कमी असेल तरच फीड सुरू करतात. द्रव मिळाला नाही किंवा पीएच जास्त आला तर एक्स-रे. यावर आयसीयूतल्या ब्रदरने लगेच अडवलं : आपल्याकडे जवळपास प्रत्येकाला पॅन्टोप्राझोल चालू असतं, आम्ल कमी झालेलं असतं, मग पीएचची पट्टी काय सांगणार? बरोबर प्रश्न. अशा रुग्णांत एक्स-रेकडे जायची वेळ जास्त येणार, हे गटानेच शोधलं. पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी व्याख्या डॉ. डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली, तिच्यात पुराव्याइतकंच काळजी घेणाऱ्याच्या अनुभवाला आणि रुग्णाच्या पसंतीला स्थान आहे. ते मला त्या दिवशी समजावून सांगावं लागलं नाही.

टोकनचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. इन्चार्ज सिस्टरांसमोर 'हे चुकीचं वाटतं' असं म्हणायला नवीन जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) मुलगी धजावत नाही. टोकन मात्र सगळ्या एकदम उलटं ठेवतात आणि एकदम सरळ करतात. तिचं मत टेबलावर पडलेलं असतं आणि 'का गं, तुला तसं का वाटलं?' असं तिला कुणीतरी विचारतंच.

पेटीबद्दल थोडक्यात. संशोधनाचा सारांश वाचून त्यातला आकडा शोधायचा आणि नंबरचं कुलूप उघडायचं. मजा येते, पण दोघी वाचतात आणि बाकीच्या कुलूप हलवत बसतात. गट तिघींपेक्षा मोठा नको. सारांश इंग्रजीत असल्यामुळे वाचनाला वेळ लागतो, तो धरूनच आखणी करा. चर्चा मराठीतच होऊ द्या. कॉक्रेन लायब्ररी, म्हणजे संशोधनांच्या आढाव्यांचा ऑनलाइन संग्रह, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २००७ मध्ये भारतासाठी खुली केली, हे आमच्या अनेक सिस्टरांना पेटीच्या निमित्ताने पहिल्यांदा कळलं.

अडचणी आहेतच, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे पत्ते शिळे होतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या तोंडाच्या स्वच्छतेसाठी क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक वापरणं बरीच वर्षं चांगलं मानलं गेलं. २०२२च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ब्रशने दात घासण्यावर भर दिला आणि क्लोरहेक्सिडीन मात्र नको म्हटलं. आता प्रत्येक पत्त्यामागे तारीख आणि तपासणाऱ्या सिस्टरचं नाव लिहितो.

दुसरी अडचण वेळेची. दुपारच्या ओव्हरच्या आधी जेमतेम पाऊण तास मिळतो आणि त्यातला निम्मा खेळानंतरच्या बोलण्यासाठी राखावाच लागतो. तो कापला की उरते नुसती करमणूक. नाइट करून आलेल्या स्टाफला थांबवू नका. ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे, आणि थकलेल्या डोक्यात काही शिरतही नाही.

फरक पडला का? आयसीयूने स्वतःहून इंडेंटमध्ये (सामानाच्या मागणीपत्रात) पीएच पट्ट्या मागितल्या, ओव्हरमध्ये कॅन्युलाच्या जागेचा उल्लेख येऊ लागला. शोध घेण्याचं कौशल्य मात्र सराव थांबला की लवकर विसरलं जातं. आणि वॉर्डाचा प्रोटोकॉल बदलणं कुठल्याही पत्त्याच्या हातात नाही; त्यासाठी मेट्रन, इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आणि एखादे कन्सल्टंट फेरीला प्रत्यक्ष बसलेले हवेत. सुरू करणार असाल तर आधी त्यांची वेळ घ्या, पत्ते नंतर छापा.