सिरिंजमधलं औषध पांढरं होतं

तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. द्रावण आरपार दिसतं, निलंबन गढूळ दिसतं आणि ठेवून दिलं की तळाशी साका बसतो, हे दरवर्षी पोरांना करून दाखवलं. (‘निलंबन म्हणजे नोकरीतून काढतात तेच ना बाई?’ असं विचारणारा एक तरी असायचाच.) आणि माझ्याच गुडघ्यात निलंबन टोचलं जात होतं तेव्हा मी गप्प पडून राहिले.

कंबर जुनीच, गुडघे आठ वर्षांपासूनचे. जिना उतरताना मी कठड्याला धरून आडवी उतरायचे. हाडांच्या डॉक्टरांनी वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, सांधा बदलायची इतक्यात गरज नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. पण हे ऐकायला मी गेलेच नव्हते. मग एका पेन क्लिनिकची, म्हणजे दुखण्यावर इलाज करणाऱ्या दवाखान्याची, जाहिरात दिसली. चिरफाड नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी.

तिथे डॉक्टर जेमतेम चार मिनिटं भेटले. बाकी सगळं एका गोड बोलणाऱ्या मुलीने समजावलं. उपचार पीआरपीचा, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्माचा. मला मधुमेह आहे म्हणून मी मुद्दाम विचारलं, स्टेरॉइड आहे का? ‘छे हो काकू, तुमचंच रक्त, तुमच्याच प्लेटलेट्स. पीआरपीत बाहेरचं काहीच नसतं.’ आधी दोन्ही गुडघे, मग कंबर, असं पॅकेज. पैसे सगळे आधी. संमतीपत्रावर उपचाराच्या नावाची जागा कोरी होती. ‘ते आम्ही भरतो,’ म्हणाली. मी सही केली.

पीआरपीत रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात. जड तांबड्या पेशी खाली बसतात, वर गवती पिवळा द्रव राहतो. त्यातला प्लेटलेट्सचा भाग टोचतात. रंग पिवळसर, फार तर लालसर. माझं रक्त दोन नळ्यांत काढून शेजारच्या खोलीत नेलं आणि थोड्या वेळाने सिरिंज आली. आतलं औषध पाणी घातलेल्या दुधासारखं पांढरं. टोचायला आलेल्या माणसाने आधी सिरिंज दोनदा खालीवर केली, साका ढवळावा तशी. मी विचारलं, हे पांढरं कसं? ‘अ‍ॅक्टिव्हेटर मिसळलाय.’ अ‍ॅक्टिव्हेटर म्हणून बहुधा कॅल्शियम क्लोराइड घालतात, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. त्याचं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ असतं, हे तर मीच शिकवत आले. तरी पुढे बोलले नाही. पैसे भरलेल्या माणसाला शंका काढायचाही जीव होत नाही.

दोन दिवसांत दुखणं पळालं. सरळ पावलांनी जिना उतरले. उपाशीपोटीची साखर मात्र 138 वरून 286 वर. फोन केला तर म्हणे, रक्त काढल्यामुळे होतं कधीकधी. चौथ्या दिवशी त्यांनी बोलावून माझा व्हिडिओ काढला. मी हसत हसत खुर्चीवरून उठून दाखवलं. त्या व्हिडिओची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

कंबरेचा उपचार लगेच उरकला. मणक्याच्या सांध्याची नस जाळतो म्हणाले. त्या खोलीतल्या सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्रावरचं हिरवं कापड शेवटपर्यंत कोणी काढलं नाही.

दहाव्या आठवड्यात सगळं होतं तिथे. दुसऱ्या पेन स्पेशालिस्टकडे गेले. त्यांनी आधी क्ष-किरण चित्रं मागितली. नस जाळताना सुईचं टोक नेमकं कुठे आहे ते सी-आर्मवर बघावं लागतं आणि ती चित्रं जपून ठेवतात. त्याआधी त्याच नसेजवळ नुसतं भुलीचं औषध देऊन दुखणं थांबतं का हे तपासतात. थांबलं नाही, तर जाळून उपयोग नाही. माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं. गुडघ्यांबद्दल ते म्हणाले, पीआरपीने दोन दिवसांत आराम पडत नाही, उलट काही दिवस गुडघा जास्त ठणकतो. मग मी फाइलमागे टाचलेलं औषधांचं बिल पहिल्यांदा नीट वाचलं. ट्रायॅमसिनोलोन 40 मिग्रॅ, नग 2. पीआरपी किटचा उल्लेखच नाही. ट्रायॅमसिनोलोन म्हणजे स्टेरॉइड. बाटलीत ते पांढरं निलंबन असतं, हलवूनच घ्यावं लागतं.

स्टेरॉइड टोचणं हा गुन्हा नव्हे. गुडघा फारच भडकला तर ते देतात, काही आठवडे बरं वाटतं. पण त्याने साखर चढते, म्हणून मधुमेही माणसाला आधी सांगावं लागतं. शिवाय 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी हेच औषध घेणाऱ्यांची कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) औषधाऐवजी नुसत्या खाऱ्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. बरं, खरं पीआरपी मिळालं असतं तरी? 2021 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत 288 जणांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना खारं पाणी दिलं होतं. वर्षभराने दोघांचं दुखणं जवळपास सारखंच निघालं. हे मला त्या चार मिनिटांत कोणी सांगितलं नाही.

पैसे परत मागितले तर त्यांनी ते संमतीपत्र पुढे केलं. कोऱ्या जागेत आता ‘सांध्यातील इंजेक्शन’ असं मोघम लिहिलेलं होतं. मी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आहे. बिलाची प्रत आणि साखरेच्या नोंदींची वही सोबत जोडली आहे.

माझा व्हिडिओ त्यांनी अजून हटवलेला नाही. तो बघून मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी तिथेच परवा गुडघ्यात टोचून घेतलं होतं आणि मला धन्यवाद द्यायचे होते. मी विचारलं, औषधाचा रंग कसा होता हो?

‘पांढरा,’ त्या म्हणाल्या. ‘का बरं?’