‘रॉट अँड रुइन’: सात महिने, एक प्रत

जोनाथन मेबेरी यांच्या या कादंबरीची इंग्रजी पेपरबॅक गावच्या अभ्यासिकेत सोयाबीनच्या पेरणीच्या वेळेस आली. तुरीची सोंगणी आटोपेपर्यंत ती कपाटात क्वचितच दिसली. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. झोंबी म्हटलं की धावाधाव, कुऱ्हाडी आणि रक्ताच्या चिळकांड्या, एवढ्यासाठी पुस्तक घेणार असाल तर सुरुवातीलाच कंटाळाल. हे पुस्तक मेलेल्या माणसाला नीट निरोप कसा द्यायचा याबद्दल आहे. सांगितलंय मात्र पंधरा वर्षांच्या पोराच्या नजरेतून, त्यामुळे बराच भाग हसत-खिदळत जातो.

मेलेले उठून चालू लागले त्या रात्रीला कादंबरीत ‘फर्स्ट नाइट’ म्हणतात. तेव्हा बेनी इमुरा दीड वर्षांचा होता. आता तो कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या माउंटनसाइड नावाच्या कुंपणबंद गावात सावत्रभाऊ टॉमसोबत राहतो. कुंपणाबाहेरचा सगळा मुलूख म्हणजे ‘रॉट अँड रुइन’. गावाचा नियम असा की पंधरा पूर्ण झाली की काम धरायचं, नाहीतर रेशन निम्मं. टॉम झोंबी मारण्याची सुपारी घेतो, आणि बेनीच्या लेखी तो पळपुटा आहे. त्या रात्री आईला सोडून टॉम पळाला, एवढीच आठवण त्याच्याजवळ आहे.

पुस्तक अर्धवट सोडणारे बहुतेक जण सुरुवातीच्या काम शोधण्याच्या प्रकरणांत सोडतात. कुलूपवाल्याकडे उमेदवारी, कुंपण तपासणी, हातानं फिरवायचं जनरेटर, सतरंजीचे कोट विकणं, एकामागून एक कामं येतात आणि बेनी प्रत्येकातून पळतो. गंमत वाटते, पण आख्खं जग याच पानांत उभं राहतं. कुलूपं का लागतात? कारण इथे फक्त चावा बसलेलाच नव्हे, मेलेला कोणीही उठतो. रात्री झोपेत कोणी गेलं तर घरच्यांवर धोका, म्हणून झोपायची खोली कुलूपबंद. सतरंजीचा कोट कशाला? दात जाड विणीतून आत जात नाहीत म्हणून. आणि सगळ्यात चटका लावणारं काम चित्रकाराचं. हरवलेल्या माणसाचा जुना फोटो घेऊन तो आज झोंबी म्हणून कसा दिसत असेल ते काढून द्यायचं, म्हणजे शोधणाऱ्याला तो ओळखता येईल. ही पानं घाईत उलटली तर पुढे टॉम जे करतो त्याचं वजन कळत नाही.

कुंपणाबद्दल मात्र आपल्याकडचा वाचक लेखकाला सोडत नाही. ज्याच्या वावराला रानडुकरं लागली आहेत, ज्यानं मचाणावर जागल केली आहे, त्याला पहिला प्रश्न पडतो की ही साधी चेनलिंक जाळी चौदा वर्षं टिकली कशी. डुक्कर जाळी तोडत नाही, खालून उचलतं. म्हणून जाळीचा तळ जमिनीत गाडावा लागतो, नाहीतर पहिल्या पावसात माती वाहून फट पडते. झटका मशीन असेल तर तारेला गवत टेकलं की करंट तिथंच उतरतो, आणि उन्हाळ्यात अर्थिंगची जागा कोरडी पडली की झटका नावापुरता राहतो. कादंबरीतले झोंबी उकरत नाहीत, चढत नाहीत, नुसते जाळीला भिडून उभे राहतात, म्हणून एवढ्यावर भागतं. तरी कुंपण राखणारी माणसं गोष्टीत आणखी दिसायला हवी होती. राखण हेच तर गावाचं मुख्य काम आहे.

झोंबींचे नियम मात्र लेखकानं नीट पाळले आहेत. ते हळू चालतात, आवाजाकडे आणि वासाकडे वळतात. म्हणून बाहेर जाताना टॉम कपड्यांवर कॅडाव्हरिन शिंपडतो. हे काल्पनिक रसायन नाही. मांस सडताना लायसिन या अमिनो आम्लापासून ते तयार होतं, आणि मेलेल्या ढोराच्या वासात त्याचा वाटा असतोच. मेल्यासारखा वास आला की मेलेले ओळखत नाहीत, इतका सरळ हिशोब. बारावी सायन्सच्या पोट्ट्यांना हा तपशील फार आवडतो. हे एवढं रसायन गावाला पुरतं कसं, हेही तेच विचारतात.

आता खरा गाभा. टॉमचं काम मारणं नव्हे, ‘क्लोजर’ देणं. घरचे लोक पैसे देतात, फोटो देतात आणि चिठ्ठी लिहून देतात. टॉम त्या माणसाला शोधतो, बांधतो, त्याच्यासमोर चिठ्ठी मोठ्यानं वाचतो आणि मग मानेच्या वरच्या टोकाशी, कवटीच्या बुडाशी, पातं घालून त्याला शांत करतो. बेनी पहिल्यांदा हे बघतो ते प्रकरण एका बैठकीत वाचावं, मध्ये थांबू नये. त्याआधी दुसऱ्या शिकाऱ्यांची टोळी झोंबींची विटंबना करत हसताना दिसते. दोन्ही दृश्यं लागोपाठ वाचली तरच फरक अंगावर येतो. इतक्या दिवस या शिकाऱ्यांची चित्रं छापलेली कार्डं जमवणारा, त्यांना हिरो मानणारा बेनी तिथून बदलायला लागतो.

आपल्याकडे हे दृश्य परकं वाटत नाही. देह सापडला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा पालाशविधी असतो. पूर, जंगल, परगावी गेलेला आणि परत न आलेला माणूस, अशा घरांत तेरवी कधी करायची हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतो. टॉमची चिठ्ठी तेच काम करते. जुन्या वाचकांनी हे लगेच पकडलं, तरुणांना दुसऱ्या वाचनात दिसलं.

कमकुवत बाजूही आहे. चार्ली पिंक-आय आणि त्याचा साथीदार हॅमर हे खलनायक झाडीपट्टीच्या नाटकातल्यासारखे एन्ट्रीलाच ओळखू येतात, पण तिथल्या खलनायकाला निदान टाळ्या घेणारी एखादी जागा असते, यांना तीही नाही. टॉम फार शहाणा आहे. तलवार चालवतो, स्वयंपाक करतो, वर प्रवचन देतो, आणि मधल्या भागात ही प्रवचनं लांबतात. बेनी आणि त्याची मैत्रीण निक्स यांचं रुसणं-फुगणं तीनदा तेच होतं. उलट रानात एकटी वाढलेली लायला फार कमी वाट्याला येते. ‘गेमलँड’ची बाब, म्हणजे मुलांना खड्ड्यात उतरवून झोंबींशी लढवायचं आणि वर पैजा लावायच्या, ही सगळ्यात भयंकर गोष्ट या भागात बरीचशी ऐकीवच राहते.

वाचायची पद्धत: पानं साडेचारशेच्या घरात, पण प्रकरणं छोटी. इंग्रजी वाचायची सवय बेताची असेल तर रोज दोन प्रकरणं धरावी, महिना-दीड महिन्यात पुस्तक हातावेगळं होतं. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघू नये. झोम (झोंबी), क्वाएटिंग (पातं घालून शांत करणं), क्लोजर, बाउंटी हंटर (सुपारी घेणारा शिकारी), बोकेन (लाकडी तलवार) एवढे पाच शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले की पुरे, बाकी संवादातून उमगतं. मोठ्यानं वाचायचं तर नोकऱ्यांची प्रकरणं घ्यावी, संवाद चुरचुरीत आहेत. सातवी-आठवीच्या आतल्या पोरांना देऊ नये. रक्तामुळे नव्हे, गेमलँडमुळे.

प्रतीबद्दल: जाड पेपरबॅक उलटी मोडून धरली की मधला डिंक सुटतो. आमच्या प्रतीची मधली पानं नोव्हेंबरातच सुटली. फेव्हिकॉलची पातळ रेघ मारून, दोन फळ्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवली, तेव्हापासून टिकली आहेत. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नये. आत ओल धरते आणि पुठ्ठा फुगतो, खाकी कागदच बरा.

पुढचे भाग ‘डस्ट अँड डिके’ (2011), ‘फ्लेश अँड बोन’ (2012) आणि ‘फायर अँड अॅश’ (2013). पहिला भाग 2010 चा, आणि तो स्वतःपुरता पुरा होतो, त्यामुळे चारही एकदम मागवायची गरज नाही. शेवटची प्रकरणं कोणाकडून आधी ऐकू नका. सध्या प्रत बाहेर आहे, यादीत चार नावं आहेत.