क्लच आहे, पेडल नाही: पुण्याच्या रस्त्यांवर आय-२० एन लाइन डीसीटी

ऑटोमॅटिक घेतली की डाव्या पायाला सुट्टी, असं शोरूममध्ये सांगतात आणि ते खोटं नाही. पण ह्युंदाईच्या या गाडीत क्लच शाबूत आहे, तोही एक सोडून दोन. गेलंय ते फक्त पेडल. डावा पाय जे काम न सांगता करायचा ते आता उजव्या पायाला ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवरून शिकायचं असतं. हे ज्याला पहिल्या आठवड्यात उमगलं त्याला गाडी आवडते. ज्याला उमगलं नाही तो महिनाभराने ‘गाडी झटके देते’ म्हणत सर्व्हिस सेंटरला जातो.

आधी आकडे. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १२० पीएस ताकद, १७२ न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), ७ गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजेच डीसीटी, गिअरबॉक्स. ० ते १०० कंपनीच्या दाव्यानुसार ९.९ सेकंदांत. लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे पेठेतल्या गल्लीत वळेल एवढीच. साध्या १.२ लिटरच्या आय-२०चा टॉर्क ११५ न्यूटन मीटरच्या आसपास आहे, इथे तो दीडपट. शिवाय तो १५०० आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) पूर्ण हजर होतो आणि ४००० पर्यंत टिकतो. एन लाइन भारतात २०२१ साली आली आणि २०२३च्या सप्टेंबरात तिचं रूप बदललं. पुणेकरांना हा प्रकार तसा नवा नाही. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ सालीच ७ गिअरच्या ड्युअल क्लचसह आली होती. तिचे मालक अजूनही भेटतात, आणि गिअरबॉक्सबद्दल तासभर बोलू शकतात.

गिअरबॉक्स आतून कसा चालतो हे कळलं तर निम्मी सवय तिथेच होते. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा, अगदी पुण्यातल्या सम-विषम तारखांच्या पार्किंगसारखं. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. बदलताना एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. म्हणून चालत्या गाडीत गिअर पडल्याचं कळतही नाही. मात्र हे क्लच कोरडे आहेत. तेलात बुडलेले नाहीत, त्यामुळे घासून तयार झालेली उष्णता घालवायला मुख्यतः हवाच. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. ती गाडी कितीही रेंगाळवा, फारसं बिघडत नाही. इथे रेंगाळणं म्हणजे हाफ क्लच, आणि हाफ क्लचने काय होतं हे मॅन्युअल चालवणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून पहिला धडा ब्रेकचा. डी (ड्राइव्ह) मध्ये ब्रेक पूर्ण दाबून उभे असाल तर क्लच सुटलेला असतो, काही घासत नाही. सिग्नलला दर वेळी एन (न्यूट्रल) मध्ये टाकायची गरज नाही. लांबलचक थांबा असेल तर एन आणि हँडब्रेक, एवढं पुरे. ब्रेक पूर्ण सोडला की गाडी माणसाच्या चालीने आपोआप सरकते, त्यालाही हरकत नाही. घोटाळा या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत आहे. ब्रेक अर्धा दाबलेला, गाडी इंच-इंच पुढे, क्लच ना धरलेला ना सुटलेला. संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीहून वाकडकडे निघालेला माणूस नेमकं हेच तासभर करतो. उपाय पुस्तकात सोपा दिलाय: पुढे दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एका दमात जा आणि पूर्ण थांबा. पुण्यात एवढी जागा मोकळी सोडली तर त्यात तीन दुचाकी आणि एक रिक्षा येते, हे पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नसावं. एका गाडीची जागा हा इथला व्यवहार्य मध्यममार्ग. दुचाकी आली तर येऊ द्या, क्लच प्लेटपेक्षा ती स्वस्त पडते.

अशा गर्दीत आयडल स्टॉप अँड गो बटण दाबून बंद करा. ब्रेक दाबला की इंजिन बंद, सोडला की चालू, मग क्लच धरणार, मग गाडी हलणार. एवढ्या साखळीत मागचा हॉर्न वाजवून मोकळा होतो. गाडी बंद करून नव्याने सुरू केली की ही सोय पुन्हा चालू होते, त्यामुळे बटण दाबणं रोजचंच.

सरावासाठी रविवारी सकाळी सातची वेळ आणि हिंजवडीतले मोकळे रस्ते घ्या. सीट अशी लावा की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. उजवी टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकवा आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त पंजा वळवा. टाच ॲक्सिलरेटरपुढे ठेवून ब्रेकसाठी अख्खा पाय उचलण्याची सवय घातक, कारण घाईत पाय परत जुन्या जागीच पडतो. तळघरातल्या पार्किंगच्या भिंतींवर धडकणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांचं हे नेहमीचं कारण, आणि इथे त्या चुकीमागे १७२ न्यूटन मीटर उभे असतात. डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर ठेवा आणि तिथेच राहू द्या. पहिले दोन दिवस तो थांबताना क्लच शोधतो, ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल त्याला सापडतं आणि गाडी नाकावर थांबते. मागे आजी बसल्या असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना घेऊन निघू नका.

मग तीन गोष्टी, प्रत्येकी दहा-पंधरा वेळा. फक्त ब्रेक सोडून सरकणं आणि ठरलेल्या रेषेवर थांबणं; शेवटच्या फुटात गाडी पुढे ढकलते, तिथे पाय किंचित जास्त लागतो. पाव ॲक्सिलरेटरवर ४० पर्यंत जाणं. आणि रस्ता खरोखर रिकामा असेल तर ४० वरून ब्रेक जोरात दाबून एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला ओळखीची करून घेणं. थरथर आली की घाबरून पाय सोडणारे पुष्कळ असतात.

आता ताकदीचं. नॉर्मल मोडमध्ये गिअरबॉक्स ॲव्हरेजसाठी भराभर वरचे गिअर टाकतो. ३५-४० च्या वेगाला इंजिन १५०० च्या खाली रेंगाळतं. कर्वे रोडवर पीएमपीच्या बसच्या मागून बाहेर पडायला तुम्ही पाय दाबता, क्षणभर काही होत नाही, म्हणून आणखी दाबता. तेवढ्यात टर्बो भरतो, गिअरबॉक्स दोन गिअर खाली येतो, आणि आधी मागितलेलं व नंतर मागितलेलं असं सगळं एकदम मिळतं. गाडी उडी मारते आणि समोर झेब्रा क्रॉसिंगवर माणसं असतात. याला गाडीचा दोष म्हणावा की पायाचा, यावर मतभेद होतील. आमच्या मते साठ टक्के पायाचा. दाबून थांबायचं, पाय वाढवायचा नाही. त्याहून बरं म्हणजे बाहेर पडायच्या सेकंदभर आधी स्टिअरिंगमागचं डावं पॅडल, म्हणजे गिअर खाली आणणारी पट्टी, एकदा ओढणं. आरपीएम दोन हजारांवर आले की मग अगदी थोड्या दाबावर गाडी सुटते, तीही सरळ आणि न उसळता.

हायवेला हेच मोठ्या मापात. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर ट्रकला ओलांडायचं असेल तर लेन बदलून मग पाय पूर्ण दाबणं ही उलटी रीत. सहाव्या-सातव्यातून तिसऱ्यात यायला गिअरबॉक्सला क्षण लागतो, आणि तो क्षण तुम्ही ट्रकच्या मागे असतानाच खर्च झालेला बरा. आधी तिसरा येईपर्यंत पॅडल, मग आरसा, इंडिकेटर, मग बाहेर. स्पोर्ट मोड हे काम आपोआप करतो, खालचा गिअर धरून ठेवतो. घाटात तो छान, शहरात मात्र विनाकारण गुरगुरतो आणि पेट्रोल पितो. टाकी ३७ लिटरची आहे, त्यामुळे हौसेचा हिशोब लवकर समोर येतो.

उताराबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्या ऑटोमॅटिकवाल्यांची मोठी चूक इथे होते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार लांब आहे आणि तिथल्या अपघातांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. डी मध्ये पाय काढला तरी गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये राहतो, इंजिन ब्रेकिंग जवळपास मिळत नाही, आणि गाडी पळतेय असं वाटून माणूस सतत ब्रेकवर राहतो. बोगद्यातून बाहेर पडतानाच डाव्या पॅडलने चौथा, गरज पडली तर तिसरा घ्या. मीटरमध्ये गिअरचा आकडा दिसतो, त्यावर नजर ठेवा, कारण थोड्या वेळाने गिअरबॉक्स परत आपल्या मर्जीने वागू लागतो आणि पॅडल पुन्हा ओढावं लागतं. इंजिनने वेग कमी होतो तेव्हा मागचे ब्रेक लाइट लागत नाहीत. मागे ट्रक असेल तर ब्रेकला हलकेच दोनदा बोट लावल्यासारखा पाय लावा, त्याला कळू दे. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर एन मध्ये टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाच्या गाडीत बसू नका.

चढावर उभं राहणं हा कोरड्या क्लचचा खरा शत्रू. हिल असिस्ट ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतो, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर यायला हवा. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं पूर्ण बंद. सिंहगडाच्या घाटात रविवारी गाड्यांची रांग लागते तेव्हा हे सगळं एकत्र येतं: चढ, इंच-इंच सरकणं, वर एसी. क्लच तापला तर मीटरवर गिअरबॉक्सचं तापमान वाढल्याचा इशारा येतो. मग बाजूला जागा बघून पी (पार्क) मध्ये टाका, इंजिन चालू ठेवा आणि थंड झाल्याचा संदेश येईपर्यंत थांबा. ‘तेवढा वरपर्यंत पोचू, मग बघू’ हा विचार महागात पडतो. गड सकाळी सातच्या आत गाठणाऱ्याला यातलं काहीच भोगावं लागत नाही.

याचंच घरगुती रूप म्हणजे सोसायटीचा रॅम्प. तळघरातून रिव्हर्समध्ये वर येणं, त्यात वॉचमन काका ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत मध्येच हात वर करून थांबवणार, मग परत येऊ द्या. शक्य असेल तर रात्री येतानाच गाडी रिव्हर्समध्ये लावा, म्हणजे सकाळी चढ सरळ मिळेल. पर्याय नसेल तर वरचा रस्ता रिकामा करून घ्या आणि न थांबता एका दमात या. डी आणि आर (रिव्हर्स) यांच्यात बदल करताना गाडी पूर्ण थांबलेली हवी, सरकत्या गाडीत लिव्हर ओढू नका. उतारावर लावताना आधी ब्रेक, मग एन, मग हँडब्रेक, ब्रेक थोडा सैल सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, आणि शेवटी पी. उलट क्रमाने केलं तर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दात्यावर येतं आणि सकाळी पी मधून काढताना ‘खट्’ आवाज येतो.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. ताकद पुढच्या चाकांवरच जाते, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्यांवरून वळत निघताना चाक फिरतं, स्टिअरिंग हाताला ओढतं आणि ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकतो. इको मोड अशा दिवशी उपयोगी, प्रतिसाद मवाळ होतो. ब्रेक चारही चाकांना डिस्क, त्याबद्दल तक्रार नाही. सस्पेन्शन साध्या आय-२०पेक्षा कडक आहे. हायवेला ते सुख, आणि गल्लीतल्या हौशी गतिरोधकांवर मणक्याला पावती.

रोजचा प्रवास गर्दीचाच असेल, तर आम्ही ही गाडी सुचवणार नाही. चाकणचीच स्कोडा कायलॅक १ लिटर टर्बो, ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर देते, तेही ६ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरसह. गर्दीत तिला जपावं लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर मात्र या ड्युअल क्लचची चपळाई तिच्यात नाही. आठवड्यातून एकदा ताम्हिणी किंवा पाचगणी करणाऱ्याने एन लाइनच घ्यावी.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर संपवू देऊ नका. चढावर थांबून निघणं, रॅम्पवर रिव्हर्स आणि निदान वीस मिनिटांची गर्दी मागून घ्या. जुनी गाडी बघत असाल तर थंड इंजिनावर एकदा आणि अर्धा तास गर्दीत फिरवून आल्यावर एकदा, दोन्ही वेळा नुसता ब्रेक सोडून सरकवून पाहा. गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरत असेल तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करून बोला. विकणारा ‘डीसीटी आहे, एवढं होतंच’ म्हणाला तर दुसरी गाडी बघा.