हजार हॉर्सपॉवरचा म्हणून गळ्यात मारलेला गिअरबॉक्स

ड्रॅग रेसिंगसाठी (सरळ रस्त्यावरची छोट्या अंतराची शर्यत) वापरलेला मॅन्युअल गिअरबॉक्स घ्यायच्या बेतात कुणी असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे १९६९ ची कमॅरो गाडी आहे, टर्बो बसवलेली, आणि उन्हाळ्यात ती पाव मैल पळवणं हा माझा जीव की प्राण छंद आहे.

दुसऱ्या राज्यातल्या एका दुकानाची जाहिरात होती: फेस-प्लेटेड फोर-स्पीड, नुकताच रीबिल्ड केलेला, ‘हजार हॉर्सपॉवरला चालतो’. फेस-प्लेटेड म्हणजे पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) काढून त्या जागी मोठे, मोजके डॉग, म्हणजे गिअर अडकवून धरणारे दाते, बसवलेले. आठ हजार आरपीएमला (मिनिटाला फेरे) सिंक्रोला वेग जुळवायला सवडच मिळत नाही. डॉग मात्र क्लच न दाबताही खटकन बसतात.

आता तो हजारचा आकडा. गिअरबॉक्स मोडतो तो टॉर्कने, म्हणजे पिळणाऱ्या जोराने. हजार हॉर्सपॉवर आठ हजार आरपीएमला निघत असेल, तर तिथे टॉर्क साधारण ६५६ पौंड-फूट असतो. तेवढीच ताकद माझ्या टर्बोसारखी साडेपाच हजारला निघाली, तर तोच ९५५ होतो. पहिला गिअर २.५२ चा असेल तर मेनशाफ्टवर, म्हणजे चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्यावर, त्याच्या अडीच पट. त्यात गाडी जड, मागे चिकट स्लिक टायर, आणि सुटताना क्लच सोडल्यावर फ्लायव्हीलचा (इंजिनच्या जड फिरत्या चाकाचा) धक्का वेगळाच. मी टॉर्कचं रेटिंग विचारलं, गाडीचं वजन सांगितलं, आतल्या डॉगचे फोटो मागितले. रेटिंग लेखी आलं. फोटोही आले, झकास, धारदार कडांचे. ते दुसऱ्याच गिअरबॉक्सचे होते.

बॉक्स आला तेव्हा बोल्टांवर लाल रंगाचे ठिपके होते. ‘ठिपका तुटला की वॉरंटी संपली,’ असं बजावून ठेवलेलं. ही खरी चलाखी. आत पाहायची सोयच त्यांनी बंद केली होती.

ट्रॅकवर दुसरा गिअर पूर्ण थ्रॉटलवर निसटला. रेव्ह लिमिटरने, म्हणजे इंजिनचा वेग हद्दीबाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेने, सावरलं म्हणून इंजिन वाचलं. मग ओळखीच्या मशीनिस्टकडे बाजूचं झाकण उघडलं. चांगल्या डॉगच्या बाजू किंचित आत तिरक्या कापलेल्या असतात, म्हणजे जोर आला की ते एकमेकांना ओढून धरतात. इथे झिजून गोल झालेल्या कडा ग्राइंडरने घासून पुन्हा चौकोनी केलेल्या. मशीनिस्टने बारीक कानस घेतली. न घासलेल्या भागावर ती नुसती सरकली, ओरखडाही नाही. घासलेल्या कडेवर मात्र चावली आणि चकचकीत कीस निघाला. अशा डॉगच्या पोलादाला पाणी देऊन कडक केलेला थर वरवरचाच असतो. तोच खरवडून टाकला होता, खाली मऊ धातू उरलेला. मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधायची तपासणी) केल्यावर मेनशाफ्टच्या स्प्लाइनच्या, म्हणजे त्यावरच्या उभ्या खाचांच्या, मुळाशी तडाही दिसला. तो शाफ्ट सुटतानाच तुटला असता तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. केसवरचा नंबर गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीला कळवला, तर ते मॉडेलच कमी टॉर्कचं निघालं.

दुकानाने हात वर केले. बिलाच्या मागे बारीक अक्षरांत ‘आहे त्या स्थितीत’ छापलेलं होतं. अर्धे पैसे त्यांनी क्रेडिट कार्डवर घेतले होते आणि उरलेले ‘कार्डाचं कमिशन वाचेल’ म्हणून बँकेतून मागवले होते. कार्डाच्या कंपनीकडे जाहिरात, संदेश आणि डॉगचे फोटो दिले, ती रक्कम परत मिळाली. बँकेतून गेलेली बुडाली ती बुडालीच.

म्हणून सांगतो, बॉक्स पाठवण्यापूर्वी झाकण उघडून, केसवरचा नंबर आणि डॉग एकाच चौकटीत दिसतील असा व्हिडिओ मागा. तो नंबर आधी कंपनीकडून पडताळून घ्या. उघडू न देणारी वॉरंटी कुणी देत असेल तर तिथेच थांबा. आणि सगळे पैसे कार्डावरच द्या, कमिशन पडलं तरी.

ते धारदार डॉगचे फोटो मला परवा पुन्हा दिसले, वेगळ्या नावाच्या जाहिरातीत. निळ्या फडक्यावर ठेवलेल्या तीन डॉग रिंगा, आणि मधलीवर पांढऱ्या मार्करची खूण. हा फोटो तुम्हाला कुणी पाठवला, तर तो माल त्यांच्याकडे नाही.